लगद्याचा चीजगोळा आणि सोळा ओळींची कविता

21 ऑक्टोबर 2024 रोजी, सोमवारी सकाळी, कार्यालयातील एका सहकारिणीने आमच्या अकरा जणांच्या चमूला एक ईमेल पाठवला. 3 डिसेंबरला दुपारी आपण सर्वांनी मिळून सिंटरक्लास हा डच सण साजरा करायचा आहे. प्रत्येकाने चिठ्ठीत ज्याचे नाव येईल त्याच्यासाठी दहा युरोंपर्यंतची भेट, एक कविता आणि एक ‘सर्प्राइझ’ आणायचे आहे, असा त्याचा आशय होता. नेदरलँड्समधील आइंडहोवन या शहरात येऊन मला तेव्हा दोन वर्षे झाली होती आणि डच भाषेच्या संध्याकाळच्या वर्गात मी दुसऱ्या पायरीवर होते, त्यामुळे ईमेल आपल्याला समजला असे मला प्रामाणिकपणे वाटले. भेट गुप्त ठेवायची, एवढाच त्या शब्दाचा अर्थ मी घेतला आणि ‘हो, आहे मी’ असे उत्तर पाठवून चकलीच्या भाजणीकडे वळले.

तो शब्द इंग्रजी नव्हता, हे मला दोन आठवड्यांनी कळले. डच लोक त्याचा उच्चार ‘सुरप्रीझ’ असा करतात आणि साध्या आश्चर्यासाठी त्यांच्याकडे निराळा शब्द आहे. सुरप्रीझ म्हणजे घरी स्वतःच्या हाताने बनवलेली, घेणाऱ्याची थट्टा करणारी, शक्यतो मोठी आणि शक्यतो बेढब अशी वस्तू. खरी भेट तिच्या पोटात दडवलेली असते आणि ती वस्तू फोडल्याशिवाय, फाडल्याशिवाय किंवा निदान हात बरबटवून घेतल्याशिवाय हाती लागत नाही. सोबत यमके जुळवलेली कविता असते, तिच्यात त्या व्यक्तीच्या वर्षभरातील सवयी, चुका आणि खोडी यांचा हिशेब असतो आणि खाली सही असते ती सिंटची, म्हणजे संत निकोलसची. आजच्या तुर्कस्तानात असलेल्या मायरा गावचा हा बिशप. त्याचा सण 6 डिसेंबरचा; नेदरलँड्समध्ये मात्र खरी धमाल त्याच्या आदल्या संध्याकाळी, 5 तारखेला असते. ती संध्याकाळ घरच्यांसाठी राखीव असल्यामुळे कार्यालये आपला कार्यक्रम दोन-तीन दिवस आधी उरकून घेतात.

महाविद्यालयात शेलापागोटे (फिशपाँड) अनुभवलेल्या कोणाही मराठी माणसाला हे वाचून ओळखीचे वाटेल. मलाही वाटले, पण ओळखीचे वाटणे निराळे आणि परक्या भाषेत, आपल्याच वरिष्ठाची, सर्वांसमक्ष थट्टा करणे निराळे. इथे नव्याने आलेल्या आणि नोव्हेंबरमध्ये असा ईमेल पाहून माझ्यासारख्याच गोंधळणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा सगळा प्रवास क्रमाने लिहून ठेवत आहे.

पहिला ईमेल छोटा होता. नियमांचा दुसरा ईमेल 28 ऑक्टोबरला आला आणि तो चांगला दीड पानी होता. दहा युरोंची मर्यादा फक्त भेटीला लागू आहे, सुरप्रीझच्या साहित्याला नाही, हे त्यात तिसऱ्या ओळीत होते आणि ते मी नीट वाचायला हवे होते. कविता किमान बारा ओळींची असावी. सुरप्रीझमध्ये चमकी, थर्मोकोलचे मणी किंवा सांडणारे पीठ वापरू नये, कारण बैठकीच्या खोलीत गालिचा आहे आणि मागील वर्षी त्याच्या सफाईचे वेगळे बिल आले होते. दोघांना अक्रोड-शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असल्याने खाद्यवस्तूंवर घटक लिहिलेले असावेत. कोणी सिंटचा मदतनीस पीट याची आकृती करणार असेल, तर चेहऱ्यावर फक्त काजळीचे फराटे असावेत, संपूर्ण काळा रंग नसावा. या शेवटच्या नियमामागे, काळा रंगवलेला चेहरा ही परंपरा की वर्णद्वेष, असा अनेक वर्षांचा कडवट वाद आहे. सिंटच्या आगमनाच्या राष्ट्रीय मिरवणुकीत 2019 साली आपेलडोर्न येथे प्रथमच सगळे पीट धुराड्यातून उतरल्यासारखे, केवळ काजळी लागलेले आले. आमच्या चमूत तीन खंडांतले लोक आहेत आणि हा नियम कोणाला मोघमपणे सुचवण्याऐवजी स्पष्ट लिहिला गेला, याचे मला बरे वाटले.

चिठ्ठ्या काढणे म्हणजे आता खरोखर चिठ्ठ्या काढणे राहिलेले नाही. एका संकेतस्थळावर सर्वांचे ईमेल पत्ते भरले जातात, प्रत्येकाने तिथे आपल्या आवडीच्या चार-पाच वस्तूंची यादी लिहायची असते आणि ठरलेल्या दिवशी यंत्र प्रत्येकाला एक नाव पाठवते. यादीची मुदत 3 नोव्हेंबर, रविवार रात्रीपर्यंत होती. त्या दिवशी भाऊबीज. भावाशी व्हिडिओवर बोलण्याच्या नादात मी यादी विसरले आणि रात्री पावणेबाराला घाईघाईने ‘मेणबत्त्या, चहा, काहीही चालेल’ असे लिहून मोकळी झाले. हे करू नका. ‘काहीही चालेल’ हे डच माणसाला सौजन्य वाटत नाही, काम अर्धवट सोडल्यासारखे वाटते, हे मला पुढे कवितेतूनच ऐकावे लागले.

4 नोव्हेंबरला सकाळी नाव आले. ते आमच्या चमूप्रमुखांचे होते. उंचीने सहा फूट चार इंच, बोलणे मोजके, आणि माझ्या वार्षिक मूल्यमापनाची बैठक डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याच बरोबर. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्याने मला विचारले की, तुझ्या सुरप्रीझची कल्पना ठरली का, कागदाचा लगदा करणार आहेस की लाकूडकाम. मी लाकूडकाम या शब्दावर थांबले. मग त्याने मोबाइलवर आपल्या मुलीने शाळेसाठी केलेली, खोक्यांची बनवलेली, माणसाएवढी धुलाईयंत्राची प्रतिकृती दाखवली आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

त्या रात्री सांगलीला आईला फोन केला. आई म्हणाली, “अगं, हे शेलापागोटेच की! आमच्या गॅदरिंगला मला कुलूप दिलं होतं, बडबड करते म्हणून. आणि किल्ली प्राचार्यांच्या हातात!” मी विचारले, तुला राग नाही आला? “कुलपाचा नाही आला. पण त्याच दिवशी एका मुलीला काजळाची डबी दिली होती, रंगावरून. ती पुढे गॅदरिंगला कधी आली नाही. तू त्यांचं टक्कल-बिक्कल काढू नकोस म्हणजे झालं.” मी थट्टेच्या विषयांच्या यादीतून टक्कल काढून टाकले. ते खरोखरच पहिल्या क्रमांकावर होते.

पुढचा आठवडा मी निरीक्षणात घालवला आणि या सगळ्या उद्योगातला हा भाग मला सर्वांत अवघड व तितकाच मजेचा वाटला. ज्या माणसाबरोबर दोन वर्षे काम केले त्याच्याविषयी आपल्याला किती थोडे माहीत असते, हे वही घेऊन बसल्यावर लक्षात येते. इंग्रजी उच्चारांवर थट्टा नको, कारण माझ्या डच उच्चारांची अवस्था त्याहून वाईट आहे. सप्टेंबरात कोसळलेल्या प्रकल्पावर नको, कारण ती जखम अजून ओली होती. शेवटी दोन गोष्टी उरल्या. एक म्हणजे, बरोबर बाराच्या ठोक्याला त्यांचा निळा डबा उघडतो आणि त्यात रोज, म्हणजे अक्षरशः रोज, पावाच्या दोन कापांमध्ये चीजचा एक काप असतो. दुसरी म्हणजे, ते तारखा सांगतच नाहीत. वर्षाच्या आठवड्यांचे क्रमांक सांगतात. “हे आपण आठवडा 47 मध्ये पाहू,” असे ते म्हणतात आणि मी तोंडाने ‘हो’ म्हणत टेबलाखाली मोबाइलवर आठवडा 47 म्हणजे नक्की कधी, हे शोधत असते. ही सवय इथे अनेकांना आहे, पण त्यांच्याइतकी पक्की कोणाला नाही. त्यांच्या सासूबाईंचा वाढदिवससुद्धा आठवडा 22 मध्ये येतो.

तेव्हा ठरले असे: एडाम चीजचा भला मोठा गोळा करायचा, वर लाल मेणाचे कवच असल्यासारखा लाल रंग द्यायचा, आत पिवळ्या पुठ्ठ्याचे बारा काप ठेवायचे आणि प्रत्येक कापावर एका बैठकीचे निमंत्रण लिहायचे, तेही आठवड्याच्या क्रमांकासह. बारावे निमंत्रण ‘स्वीकारल्या’वर खालची भेट मिळणार. त्यांच्या यादीत सायकलची घंटा आणि मोहरीची चटणी होती. चीजचे चौकोनी तुकडे मोहरीत बुडवून खाण्याची इथे रीत असल्याने चटणी तर विषयाला धरूनच होती. घंटा 6 युरो 95 सेंटांना आणि चटणीची बरणी 2 युरो 79 सेंटांना मिळाली. दहाच्या आत बसले.

16 नोव्हेंबरच्या शनिवारी सिंट व्हियानेन या गावी वाफेच्या बोटीतून उतरला आणि ते आम्ही दूरदर्शनसंचावर पाहिले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी कामाला लागले. मोठा फुगा फुगवून दाराच्या मुठीएवढ्या उंचीवर टांगला, जुनी वर्तमानपत्रे पट्ट्यापट्ट्यांनी फाडली आणि लहानपणी पतंगाला आणि आकाशकंदिलाला लावत असू तशी मैद्याची खळ शिजवली. पट्ट्या कातरीने कापू नयेत, फाडाव्यात. फाटलेल्या कडा एकमेकींत मिसळतात आणि कापलेल्या कडांचे वळ रंगाखालूनही दिसतात. एवढे मला आठवत होते आणि तेवढ्यावर मी खूश होते. तीन थर एकाच बैठकीत दिले, घरात जागा नव्हती म्हणून गोळा खाली सायकलींच्या खोलीत ठेवला आणि झोपले.

बुधवारी पाहते तर गोळ्याला एका बाजूने खोल खळी पडली होती. फुगा थंडीने आकसला होता आणि त्याच्यावरचा ओला कागद आधार सुटताच आत बसला होता. शिवाय वास येत होता. सांगलीच्या उन्हात जी खळ चार तासांत खडखडीत वाळते, ती इथल्या नोव्हेंबरच्या दमट, अंधाऱ्या खोलीत तीन दिवस ओलीच राहिली आणि तिच्यावर राखाडी बुरशी धरली. मी तो गोळा कचऱ्यात टाकला आणि खरे सांगायचे तर थोडी रडलेही. कागदाच्या फुग्यासाठी रडण्याचे काही कारण नव्हते. पण दिवसभर परक्या भाषेत बैठका घेऊन घरी यावे, बाहेर पाचलाच अंधारून आलेले असावे आणि हातात बुरशी आलेले चीज असावे, अशा संध्याकाळी माणूस कशासाठीही रडू शकतो.

कचरापेटीपाशी खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. वय ऐंशीच्या पुढे, तीन मुले आणि सात नातवंडे यांची सुरप्रीझे करून हात तयार झालेला. त्यांनी पेटीत डोकावून पाहिले, काहीही न विचारता त्यांना सर्व समजले, आणि त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन कॉफीबरोबर जे सांगितले ते मी इथे जसेच्या तसे देते. मैदा विसर. भिंतीचा कागद चिकटवण्याची जी पावडर मिळते ती आण, थंड पाण्यात थोडी थोडी टाकत ढवळ आणि वीस मिनिटे तशीच ठेव. एका दिवशी एकच थर दे. फुगा खोलीच्या तापमानालाच फुगव आणि मग तो त्याच खोलीत राहू दे. गोळा भांड्यात बसव, रेडिएटरच्या जवळ ठेव, पण वर ठेवू नकोस, आणि जाता-येता त्याला थोडा फिरव. शेवटचा थर पांढऱ्या कागदाचा दे, म्हणजे रंग कमी लागतो. मी त्यांना डचमधल्या आदरार्थी सर्वनामाने संबोधत होते. त्यांनी मध्येच थांबवून, “मला तू म्हण, नाहीतर मला म्हातारी झाल्यासारखे वाटते,” असे बजावले. मला ते अजूनही जमत नाही. मनातल्या मनात त्या आजीच आहेत आणि आजींना मी अरे-तुरे करू शकत नाही.

23 नोव्हेंबरच्या शनिवारी दुसरा गोळा सुरू केला. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार असे चार थर दिले. मंगळवारचा छपाईच्या कोऱ्या कागदाचा. आठवडाभर दिवाणखान्यात तो टोपावर बसून होता आणि नवऱ्याने त्याला दूरदर्शनच्या बातम्या ऐकायची सवय लावली होती. गुरुवारी टिचकी मारली तेव्हा मडक्यासारखा आवाज आला. टाचणी टोचून फुगा फोडताना आतून तो सुटण्याचा जो चरचर आवाज येतो, तो ऐकून मला सगळ्या श्रमांचे चीज झाले असे वाटले, आणि हे वाक्य मराठीत सुचल्याबद्दल मी स्वतःवरच खूश होऊन हसले. डच माणसाला ते समजावून सांगण्याचा प्रयत्न मात्र करू नका, मी केला आहे. वरच्या बाजूला झाकणासारखा गोल कापून घेतला. शनिवारी, 30 तारखेला, रंगाचे दोन हात दिले. दोन हातांमध्ये किमान दोन तास जाऊ द्यावेत. मी पाऊण तासातच दुसरा हात दिला आणि एका ठिकाणी ब्रशबरोबर पापुद्रा निघून आला. तिथे नंतर चीज कारखान्याच्या शिक्क्यासारखी चिठ्ठी चिकटवली.

रविवार कवितेचा होता. आधी मी मराठीत लिहिले, कारण उखाणे रचण्यात घरात माझा हात कोणी धरत नाही. मराठीत ती वीस मिनिटांत झाली. मग तिचे डच करू लागले आणि दोन तासांत चार ओळीही उभ्या राहिल्या नाहीत. यमक गेले की थट्टाही जात होती आणि मागे उरत होती ती तक्रार. ‘तुम्ही रोज एकच प्रकारचे जेवण जेवता’ हे गद्यात लिहिले की ते मनुष्यबळ विभागाला पाठवलेल्या पत्रासारखे दिसते. तेव्हा उलटे सुरू केले. आधी डच यमके शोधली. चीजला डच शब्द ‘कास’, वरिष्ठाला ‘बास’, आणि सणाचे नाव सिंटरक्लास! मला वाटले, मला हिऱ्यांची खाण सापडली. आजींना दाखवले तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. या देशात ज्याने कोणी एकदाही अशी कविता लिहिली आहे त्याने ही तीन यमके वापरलेली आहेत, असे त्या म्हणाल्या. पहिल्या ओळीचेही तसेच. ‘सिंट विचार करत बसला होता, अमक्याला काय बरे द्यावे’ या अर्थाची एक ठरलेली सुरुवात आहे, डचमध्ये तिची दोन्ही टोके सुरेख जुळतात, आणि ती इतकी घासलेली आहे की तिच्याशिवाय कविता सुरू केली तर लोकांना चुकल्यासारखे वाटते. म्हणून नवख्यांनी तीच वापरावी. दोन ओळी फुकट मिळतात.

अडले ते सर्वनामापाशी. सिंट सगळ्यांना एकेरीत संबोधतो, मंत्र्यालासुद्धा. चमूप्रमुखांना कार्यालयात मीही एकेरीच संबोधते, कारण तिथे सगळेच तसे करतात. पण तोंडाने म्हणणे वेगळे आणि कागदावर, यमकात, ‘तुझा डबा, तुझा पाव’ असे लिहिणे वेगळे. दोन कडवी लिहून झाल्यावर लक्षात आले की लिहिणारी मी नाहीच, सिंट आहे. खाली त्याची सही आहे. मग हात सैल सुटला आणि सोळा ओळी झाल्या. त्यातल्या दोन ओळी, अर्थ आणि यमक दोन्ही सांभाळायचे तर, साधारण अशा होत्या:

बाराचा ठोका पडताच डबा उघडतो बास,
आत काय असेल ओळखा पाहू? कालचाच तो कास.

शेवटी आठवडा 52 नंतर आठवडा 53 काढून त्यात सुट्टी घ्यावी, अशी सिंटने विनंती केली होती. आजींनी तीन ठिकाणी व्याकरण सुधारले आणि एका ठिकाणी चूक मुद्दाम तशीच ठेवायला सांगितली. ती चूक अधिक विनोदी होती.

3 डिसेंबरला मंगळवारी सकाळी पाऊस आणि वारा दोन्ही होते. सायकलवर गोळा नेणे शक्य नव्हते, म्हणून तो कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत घालून बसने निघाले. घंटा मी खोक्यात घट्ट बसवली होती, पण तिची कळ मोकळी राहिली होती. बस प्रत्येक वळणावर, प्रत्येक गतिरोधकावर हलली की पिशवीतून ‘ट्रिंग’ असा स्वच्छ, खणखणीत आवाज येई. सायकलची घंटा ऐकली की बाजूला सरकणे हे इथल्या लोकांच्या हाडीमासी भिनलेले आहे. उभे असलेले प्रवासी मागे न पाहता एक पाऊल सरकत होते आणि मग बसमध्ये सायकल कुठून आली म्हणून वळून पाहत होते. वीस मिनिटांच्या प्रवासात माझ्याभोवती चांगली ऐसपैस जागा झाली. घंटा भेट देणार असाल तर कळीखाली कागदाची घडी सरकवा.

इमारतीच्या प्रवेशद्वारावर दुसरा अडथळा होता. मोठ्या आकाराचे, बंद पार्सल आत न्यायचे तर स्वागतकक्षात नोंद करावी लागते आणि त्यात वस्तूचे वर्णन लिहावे लागते. मी ‘चीज, कागदी, एक नग’ असे लिहिले. ड्यूटीवरच्या गृहस्थांनी ते वाचले, पिशवीला टिचकी मारली, आतून घंटा वाजली, आणि त्यांनी गंभीर चेहऱ्याने ‘सिंटरक्लास’ असा शेरा मारून सही केली. त्या वहीत वरच्या ओळींत ‘लाकडी होडी’ आणि ‘स्वच्छतागृहाचे भांडे, पुठ्ठा’ अशा नोंदी दिसल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

कार्यक्रम तीन वाजता सुरू झाला. टेबलावर मसाल्याच्या चिमुकल्या गोल बिस्किटांचा ढीग, संत्री आणि सर्व सुरप्रीझे. वयाने सर्वांत लहान असलेल्याने सुरुवात करायची, कविता आधी आणि ती स्वतः घेणाऱ्यानेच मोठ्याने वाचायची, मग वस्तू फोडायची, असा क्रम असतो. स्वतःची थट्टा स्वतःच्या आवाजात वाचायला लावणे ही या प्रकारातली खरी करामत आहे. आमच्या शेलापागोट्यांत दुसराच कोणी वाचत असे आणि ज्याच्यावर ते असे तो मान खाली घालून बसे. इथे मान खाली घालायला वेळच मिळत नाही, कारण यमक सांभाळायचे असते.

चमूप्रमुखांनी माझी कविता एकसुरी, बैठकीचे इतिवृत्त वाचावे तशा आवाजात वाचली आणि त्यामुळेच ती मी लिहिली होती त्यापेक्षा पुष्कळ चांगली वाटली. ‘बास’ आणि ‘कास’ला सगळ्यांनी एकत्र हुंकार दिला. मग त्यांनी गोळा उचलला, चारही बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाले, “पण हा लाल आहे.” मी गप्प. सुरप्रीझ कोणी बनवले ते शेवटपर्यंत सांगायचे नसते. ते म्हणाले, “लाल मेणाचे एडाम निर्यातीसाठी असते. आम्ही घरी पिवळे खातो. हे ज्याने कोणी केले आहे तो या देशाबाहेरून आला आहे.” अकरा जणांपैकी बाहेरून आलेले चौघे होतो आणि चौघांनीही एकाच वेळी छताकडे पाहिले.

गोळा फोडायला त्यांचे मन होईना. शेवटी त्यांनी पाव कापायची सुरी मागवली आणि चीज कापतात तसा, नेमका मधोमध, कापला. बाराही निमंत्रणे त्यांनी क्रमाने वाचली. ‘आठवडा 9, चीजऐवजी दुसरे काही खाण्याच्या शक्यतेचा आढावा, अंदाजे वेळ तीन तास’ हे वाचताना पहिल्यांदा ते हसले. हसताना त्यांचे खांदे हलतात, आवाज येत नाही, हे मला दोन वर्षांत माहीत नव्हते.

माझी पाळी नववी होती. माझ्यासमोर बुटांच्या खोक्याएवढे पुठ्ठ्याचे घर आले, टपालकार्यालयासारखे रंगवलेले. कवितेची सुरुवात अर्थातच सिंटच्या विचारात बसण्याने होती. मग ओळीओळीने निघाले की, हिला काम सांगा, ही ‘बघू’ म्हणते. बैठक ठरवा, ‘बघू’. वाढदिवसाला येतेस का, ‘बघू’. हिच्या यादीत पाहावे तर काय हवे हेही ‘काहीही’. आणि या एका शब्दाचा अर्थ ‘नाही’ असा होतो हे कळायला चमूला आठवडा 6 पासून आठवडा 31 पर्यंत वेळ लागला. मी फोनवर घरच्यांशी बोलताना तो शब्द त्यांच्या कानी पडला होता आणि मी तो डच बोलतानाही मध्येच वापरते, याचा मला पत्ता नव्हता. क्षणभर चेहरा गरम झाला. माझ्या देशाची थट्टा आहे की माझी, हे मी मनात चाचपून पाहिले. ती माझीच होती. शेजारचा पोलंडचा सहकारीही बाहेरचाच, पण त्याला ‘नाही’ म्हणायचे असते तेव्हा तो सरळ ‘नाही’च म्हणतो.

टपालकार्यालयाच्या दारातून हात घातला तर आत हिरवी, थंड, थलथलीत जेली होती. तिच्यात कोपरापर्यंत हात घालून मेणबत्त्यांचे खोके आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक रबरी शिक्का बाहेर काढावा लागला. कोणीतरी तो कोरून काढला होता, देवनागरीत. हे अक्षर ज्याने कधी हातात धरले नाही, त्याने शिरोरेघ, ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ आणि ‘घ’ला लागणारा दीर्घ उकार हे सारे मान मोडून कोरले होते. रेघा थरथरत्या होत्या, पण एकही चुकली नव्हती.

मूठभर हिशेब देते. फुगे 2 युरो, चिकटवण्याची पावडर 4 युरो 50 सेंट, पांढरा आणि लाल रंग मिळून 5 युरो 98 सेंट. भेटीसह एकूण 22 युरो 22 सेंट, आणि फसलेला गोळा धरून सुमारे सोळा तास. पुढच्या वर्षी मी पट्ट्या आणि रंग यांना दोन आठवडे अगोदर हात घालेन. कार्यक्रम संपल्यावर बैठकीची खोली आम्ही सर्वांनी मिळून आवरली. खळ आणि रंग लागलेला लगदा कागदाच्या कचऱ्यात चालत नाही, तो उर्वरित कचऱ्यात टाकावा लागतो, एवढे लक्षात ठेवा. माझा अर्धा गोळा तिथेच गेला. दुसरा अर्धा चमूप्रमुखांनी घरी नेला, त्यांच्या मुलीला बाहुलीसाठी पाळणा हवा होता म्हणे.

मूल्यमापनाची बैठक आठवडा 50 मध्ये झाली. शेवटी त्यांनी विचारले की, पुढील वर्षी नव्या प्रकल्पाची जबाबदारी घेशील का. मी शिक्का पर्समधून काढला, शाईच्या गादीवर दाबला आणि त्यांच्या टिपणाच्या कोपऱ्यात उठवला. तेव्हा कळले की कोरणाऱ्याने अक्षरे सुलटीच कोरली होती, त्यामुळे कागदावर ती आरशातल्यासारखी उलटी उमटतात. चमूप्रमुखांनी ते टिपण उचलून खिडकीसमोर धरले, पाठीमागून वाचण्याचा प्रयत्न केला आणि विचारले, “उलटे उमटले म्हणजे आता याचा अर्थ ‘हो’ असा घ्यायचा का?”